डागाच्या रंगाचं कापड

केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा गरीब दिसतो. कपडा धुतला की मग आपला रंग दाखवतो, काळपट तपकिरी, आणि कपडा फाटेपर्यंत हटत नाही. मुक्ताईनगरकडे केळीचे घड कापणाऱ्या रुपचंदचे सगळे शर्ट असेच वाया गेले. शेवटी तो एक डागाळलेला शर्ट घेऊन कापडाच्या दुकानात शिरला आणि डागावर बोट ठेवून म्हणाला, “ह्या रंगाचं दाखवा.”

दुकानदाराने कॉफी काढलं, बदामी काढलं. रुपचंद प्रत्येक थान दारात, उजेडात नेऊन डागाला लावून बघायचा. रंग जुळला तेव्हा स्वारी अशी खुलली, की जणू पोरीची पत्रिकाच जुळली. सहा शर्ट, सहा पँटी शिवल्या.

बायकोने, रत्नाने, कपाळाला हात लावला. “भूमिकाचे बाबा, लोक म्हनतीन ह्या मानसाजोळ एकच जोडी हाये!”

झालंही तसंच. लेकीला, भूमिकाला, धुळ्याकडचा नवीन नावाचा मुलगा पसंत, नवीनला भूमिका. अडलं होतं ते नवीनच्या वडिलांच्या, हिलालनानांच्या होकारावर. नाना पहिल्यांदा आले, रुपचंद तपकिरी. पंधरा दिवसांनी शेवटचं बोलायला आले, रुपचंद तपकिरी. नाना कापूसवाले, चीक त्यांना काय ठाऊक?

“रुपचंदभाऊ, मांगे बी ह्याच कपडा, आज बी ह्याच! आमना नवीनना सासराजोडे दुसरी जोडी नही का?”

रुपचंदला ते झोंबलं. बोलून पटवणं त्याला कधी जमलं नाही. तो उठला आणि त्याने उरलेल्या पाचही जोड्या आणून अंगणातल्या दोरीवर टांगल्या.

नाना चष्मा वर सारून बघत राहिले. “तुमना घर बँडपार्टी शे का?”

दाराआडून भूमिका फिस्सकन हसली आणि लगेच घाबरली.

मग रुपचंदने चिकाची सगळी कथा सांगितली. नानांनी एक बाही चोळून पाहिली, वासही घेतला. “पोर माले पसंत शे. पन लगनमां दुसरा रंग घालजा. तितलंच म्हननं शे.”

रुपचंद एकदा दोरीकडे बघे, एकदा भूमिकाकडे. तिचा चेहरा पार उतरलेला.

“हो म्हना!” रत्ना दातओठ खात कुजबुजली.

“बरं,” रुपचंद म्हणाला. आवाज असा, की जणू सगळी बाग दान केली. “टोपी पांढरी घालतो.”

नाना खो खो हसले. “चाली! पन टोपी मी आनसू. तुमना भरोसा नही.”