मामाचा सडा आणि आबांची काडी

माझा मामा मुंबईतली नोकरी संपवून गावी परतला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा भजनात बसेल, नाहीतर ग्रामपंचायतीला उभा राहील. त्याने दोन्ही संकटं टाळली आणि गवताच्या मागे लागला.

आजोळच्या घरामागे सडा आहे. काळा कातळ, त्यावर वीतभर माती आणि पावसाळ्यात कमरेएवढं गवत. गुरं तिथे मोकाट चरायची आणि उरलेलं गवत उन्हाळ्यात जाळायचं, हा गावाचा नेम. मामाने दोऱ्या बांधून सड्याचे तुकडे केले. गाई एका तुकड्यात चरणार, मग पुढच्यात, मागच्याला विश्रांती. काडी लावायची नाही. दोऱ्या सोडायचं-बांधायचं काम माझ्याकडे, कारण मी तेव्हा बिननोकरीची होते आणि फुकट जेवत होते.

"गवत हवेतलो कर्ब ओढता आणि मुळांतसून मातयेत घालता," मामा जेवताना सांगायचा.

"बायलेकडे कधी इतक्या लक्षान बघूक नाय हेंनी," मामी म्हणायची.

शेजारच्या आबांचा सडा आमच्याला लागून. ते कुंपणापलीकडून ओरडायचे, "जाळल्याशिवाय नवा गवत कसा येतला रे? तुझो बापूस काय येडो होतो?"

शिमग्यानंतर आबांनी नेमाप्रमाणे आपला सडा पेटवला. वारा फिरला. मी, मामी आणि खुद्द आबा हिरव्या फांद्या तोडून आग झोडपत होतो. आबांच्या लुंगीला भोकं पडली. तरी आमचा अर्धा सडा गेलाच. मामाने त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या मुंबईत इतकी वर्षं त्याने कुठे जपून ठेवल्या होत्या, देव जाणे. आबांनी एकही परत केली नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

आषाढात आबाच तणतणत वर सड्यावर आले. सड्याखालच्या त्यांच्या भातशेताच्या कोपऱ्यात गाळ साचला होता आणि तो कुठून येतो ते त्यांना बघायचं होतं. बघितलं. दोन्ही सड्यांच्या जळल्या भागातून लाल पाणी धावत होतं. न जळलेल्या भागात ते गवतात मुरत होतं आणि वाहिलंच तर नितळ. मामाने तिथलं एक ढेकूळ उपटून आबांच्या नाकाशी धरलं. काळसर, मुळांनी गच्च, वळवळतं.

"वास घे."

"गांडुळांचो येता."

"मगे?"

आबांनी छत्रीखाली ते ढेकूळ हातात घेऊन चुरगाळलं. मग हळूच म्हणाले, "माझी माती दरवर्षी अशीच जाता काय रे?"

मामाने आयुष्यात पहिल्यांदा भाषण गिळलं.

पुढच्या उन्हाळ्यात आबांनी गवत जाळलं नाही, कापून गोठ्यात नेलं. कोणी विचारलं तर सांगायचे, "डॉक्टरान धूर घेव नको म्हणून सांगितल्यान." डॉक्टरकडे ते कधी गेलेच नव्हते.

काही वर्षांनी आमच्या सड्याच्या मातीच्या तपासणीत सेंद्रिय कर्ब किंचित वाढलेला दिसला. किंचितच. मामाने पेढे आणले.

"इतक्याशा कर्बासाठी?" मामीने विचारलं.

"वाढलो ता बघ गो," मामा म्हणाला आणि पुडा घेऊन सगळ्यात आधी आबांकडे गेला.