हिरवी फाइल

नमाज मी लहानपणापासून पढत आलो, पण खरं सांगायचं तर त्या वर्षापर्यंत माझा भरवसा अल्लाहपेक्षा कागदावर जास्त होता. रियाधमध्ये ओलाया भागातल्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात मी कागदपत्रं सांभाळायचो. शिक्का, सही, प्रत, पोच यांतच दिवस जायचा आणि तो स्वभाव घरीही माझ्या मागून यायचा. बायको म्हणायची, तुमी मला पण फाइलीत लावून ठेवाल.

आम्ही रत्नागिरी शहरातल्या एकाच मोहल्ल्यातले चाळीसेक जण तिथे नोकरीला होतो. दर महिन्याला थोडे थोडे रियाल एकत्र करायचे आणि मोहल्ल्यातल्या लहानसहान संस्थांना पाठवायचे, असा आमचा फंड होता. शिवणवर्ग, मुलांची अभ्यासिका, बायकांनी चालवलेली बाळंतपणाची खोली, अशी ही कामं. कुणाला एकट्याला मदत द्यायची नाही, काम करणाऱ्या संस्थेला द्यायची, हा नियम. एकदा एका अभ्यासिकेने मदत घेतली आणि दोन महिन्यांत दाराला कुलूप लावलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून अर्जाचा नमुना मी तयार केला, त्यात नोंदणीचा दाखला, फोटो आणि शेवटी जामीनदाराचा रकाना. फंडातल्याच कुणीतरी त्या संस्थेसाठी जामीन राहायचं. अर्ज माझ्याच हातून पुढे जायचे, आणि सगळे माझी शिस्त वाखाणायचे. त्याचा मला अभिमान होता, हे आज कबूल करतो.

बाळंतपणाची खोली खैरून आपा चालवायच्या. मोहल्ल्यातली अर्धी मुलं त्यांच्या हातची. त्यांच्या अर्जात सगळं होतं, फक्त नोंदणीचा दाखला नव्हता, आणि दाखला नाही म्हणून जामीन राहायलाही कुणी पुढे येत नव्हतं. आठ महिन्यांत मी त्यांना दोनदा परत लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की कचेरीत खेपा घालतेय, दाखला मिळेल तेव्हा मिळेल, पण खोलीचं छप्पर गळतंय आणि बाया काही थांबत नाहीत. मला ते उत्तर उद्धट वाटलं.

मग कुवेतवरून आखाती लढाई सुरू झाली. रियाधवर क्षेपणास्त्रं येऊ लागली. खिडक्यांना चिकटपट्ट्या, विषारी वायूच्या भीतीने दाराच्या फटींना ओले टॉवेल, भोंगा वाजला की मोरीत जाऊन बसणं. माझी बायको तेव्हा आठव्या महिन्यात होती. आधी दोनदा पोटातलं मूल गेलेलं. भोंग्याच्या धास्तीने ती जेवेना, झोपेना. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हिला इथून हलवा, नाहीतर हेही हातचं जाईल. जेद्दाला अल अझीझिया भागात तिची बहीण राहायची. विमानं बंद होती, म्हणून गाडीनेच जायचं ठरवलं. शहर सोडायला कफीलचं, म्हणजे नोकरीला ठेवणाऱ्या मालकाचं, पत्र लागायचं. कंपनीने ते पत्र शिक्का मारून माझ्या इकाम्यासोबत, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यासोबत, एका लिफाफ्यात दिलं आणि मी तो लिफाफा हिरव्या फाइलीत ठेवला.

पहाटे फजरची नमाज पढून निघालो. टेबलावरची हिरवी फाइल मी स्वतः उचलली. बायकोने विचारलंही, सगळं घेतलं ना? मी जरा चिडूनच म्हटलं की हे मला विचारायची गरज नाही.

दोनेक तासांनी रस्त्यावर चौकी लागली. लढाईमुळे तपासणी कडक होती. तरुण शिपायाने हात पुढे केला, "इकामा." मी फाइल उघडली. ती फंडाची फाइल होती. माझ्याकडे सगळ्या फाइली एकाच रंगाच्या. तेवढीच शिस्त! आदल्या संध्याकाळी मी खैरून आपांना तिसरं पत्र लिहायला बसलो होतो आणि ती फाइल टेबलावरच राहिली होती. उघडताच वर माझंच सुवाच्य अक्षर: कागदपत्रांअभावी आपल्या अर्जाचा विचार करता येणार नाही.

शिपायाला ते वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

त्याने मला गाडीतून उतरायला सांगितलं. लढाईच्या दिवसांत बिनकागदाचा परदेशी माणूस म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. मला चौकशीला नेणार, बायकोला परत रियाधला धाडणार, त्याच खिडक्यांत आणि त्याच भोंग्यात. मी मोडक्यातोडक्या अरबीत समजावत होतो, तो मान हलवत होता. बायको गाडीतून एवढंच म्हणाली, "मला परत तिकडं नका नेऊ." तिने दोन्ही हातांनी पोट धरलेलं होतं. मला दुआसुद्धा आठवेना. फक्त मनात आलं, या अल्लाह, माझ्याकडे दाखवायला काहीच नाही.

आमच्या मागे एक जुनी पिकअप थांबली होती, मागच्या बाजूला चार-पाच बकऱ्या. तिच्यातून एक म्हातारा सौदी उतरला. हॉर्न वाजवून त्रासलेला असेल, आता ओरडेल, असं मला वाटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, गाडीत वाकून बायकोकडे पाहिलं, आणि शिपायाशी बोलू लागला. मला त्यातलं थोडंच कळलं. शिपाई नाही नाही म्हणत होता. शेवटी म्हाताऱ्याने खिशातून स्वतःचं ओळखपत्र काढलं, शिपायाच्या हातात ठेवलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "अना मौजूद." मी आहे इथे.

शिपायाने ते कार्ड टेबलाच्या खणात ठेवलं. कागद येईपर्यंत म्हातारा आणि आम्ही, कुणीच हलायचं नाही. फक्त फोनपुरतं जवळच्या पेट्रोलपंपापर्यंत मला न्यायची मुभा त्याला मिळाली. पिकअपमधून त्याची बुरख्यातली म्हातारी बायको उतरली आणि तिने माझ्या बायकोला हाताला धरून चौकीच्या सावलीत सतरंजीवर बसवलं. तिला तिथे सोडून जाताना मी पुन्हा पुन्हा मागे वळून पाहत होतो. पंपावरून रियाधला, आमच्या शेजारच्या रशीदभायना फोन लावला. किल्ली त्यांच्याकडेच होती. फाइल सापडली, मी घेऊन निघतो म्हणाले. परत आलो तर बायको खजूर खात होती. कित्येक दिवसांत तिला मी मनापासून खाताना पाहिलं नव्हतं. म्हातारी तिच्या पोटावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

रशीदभायनाही शहर सोडायला आधी पत्र मिळवावं लागलं, त्यामुळे यायला असरची, दुपार कलल्यावरच्या नमाजची, वेळ झाली. तोवर तो म्हातारा आमच्यासोबत बसून राहिला. त्याने बकऱ्यांना पाणी पाजलं, मला कॉफी पाजली, दुपारी जोहरच्या वेळी आम्ही बाजूबाजूला नमाजला उभे राहिलो. त्यालाही कुठेतरी पोचायचं असणार, पण त्याने एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मी अस्वस्थ होऊन त्याला पुन्हा पुन्हा खूण करत होतो की माझे कागद खरे आहेत, येतायत. तो हात हलवून गप्प बसवायचा. मग मला करायला काहीच उरलं नाही, तेव्हा फाइल उघडून खैरून आपांचा अर्ज पहिल्यांदा नीट वाचला. तोवर मी फक्त काय नाही तेवढंच पाहिलं होतं. त्यात बायांचे अंगठे होते, प्रत्येक अंगठ्यापुढे मुलाचं नाव. एक नाव माझ्या धाकट्या भावाच्या मुलाचं होतं. मान खाली घालून मी रडलो. म्हाताऱ्याला वाटलं मी घाबरलोय, त्याने पाठीवर थोपटलं.

लिफाफा आला, शिपायाने तपासला, आणि म्हाताऱ्याचं कार्ड परत दिलं. तो पिकअपमध्ये बसून निघूनही गेला. आम्ही जेद्दाला सुखरूप पोचलो. तिसऱ्या आठवड्यात मुलगी झाली, अल्लाहचे लाख शुकर.

बाळंतपणाचे चाळीस दिवस झाल्यावर मी ते तिसरं पत्र फाडलं. खैरून आपांच्या अर्जात जामीनदाराचा रकाना कोराच होता. तिथे मी माझं नाव लिहिलं, सही केली, आणि अर्ज फंडापुढे ठेवला. दाखला कुठाय, असं एकाने विचारलं. त्याचं चूक नव्हतं, ती सवय त्याला मीच लावली होती. मी म्हटलं, "येईल तेव्हा येईल. तोवर मी आहे." पावसाआधी छप्पर झालं. दाखला दीड वर्षाने आला.

लोक विचारतात, तो म्हातारा कोण होता. मला माहीत नाही. अख्खा दिवस शेजारी बसूनही, आयुष्यभर नाव-सहीशिवाय एक कागद पुढे न सरकवणारा मी, त्याचं नाव विचारायला विसरलो. आता नमाजनंतर हात उचलतो तेव्हा काय काय हवं त्याची यादी मांडत नाही. माझ्याकडे दाखवायला काही नाही, एवढंच सांगतो आणि गप्प बसतो. आणि त्या म्हाताऱ्यासाठी दुआ मागतो. नाव ठाऊक नाही, पण ज्याला सांगायचं त्याला ते ठाऊक आहे.