कापड पितं

कापड हातात आलं की काकी ते आधी नाकाशी न्यायच्या. मग ते जुनं लुगडं असो, विटलेला सदरा असो, नाहीतर मी जरा लाजतच पुढे केलेला माझा परकर असो. डोळे मिटून एक लांब श्वास, थोडं थांबणं, मग दुसऱ्या टोकाला पुन्हा एक श्वास. पास झालं तर कापड मांडीवर, नापास झालं तर परत माझ्या हातात.

"हुंगल्याबिगर कापडाला सुई लावू नये गो," त्या म्हणायच्या. "कापड पितं. आन प्यालेलं इसरत नाय."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. मी तेव्हा नुकतीच शाळेत नोकरी लागून रोह्याला आले होते, आणि नव्या मास्तरणीला सगळ्याच गोष्टींचं हसू येतं. काकींची आणि माझी खोली भिंतीला भिंत लावून होती. त्यांचं माहेर पेणच्या खाडीकडचं, मिठागरावरचं. सासर इकडचं, भाताचं आणि वालाचं. यजमान गेले, मुलगा दिनेश धाटावला एका रसायनांच्या कंपनीत चिकटला, म्हणून गाव सोडून ही चाळीतली खोली. लेक वनिता पेणला दिलेली. काकींचं जग एवढंच, आणि या जगातल्या एकूण एक माणसाच्या अंगावर काकींच्या हातची गोधडी असे.

हौसच ती. दुपारची भांडी झाली की जमिनीवर लुगड्याचा पदर पसरायचा, त्यावर चिंध्यांचे थर, चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन नारळ, आणि मग कडेकडेनं धावदोरा घालत आत आत यायचं. शेवटची गाठ बरोबर मध्यावर. बाजारपेठेतल्या एका बाईंनी एकदा फार गळ घातली, माझ्यासाठी एक शिवा म्हणून. काकी बधल्या नाहीत. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "ज्याच्यासाठी जीव घाबरा होत नाय, त्याच्यासाठी कसली शिवायची गोधडी?"

जीव घाबरा करायचं कसब मात्र त्यांच्याकडे भरपूर होतं. काकींना भ्यायला कारण लागत नसे, आणि कारण मिळालंच तर त्या ते वाया घालवत नसत. धाटावचा पाळीचा भोंगा त्यांना पाठ होता. वेळ सोडून भोंगा झाला की सुई होती तिथे टोचायची आणि ओट्यावर येऊन उभं राहायचं. "हा कसला भोंगा गो बाई? हा शिफ्टचा नाय." मग वारा कुठून येतोय ते बघायला पदराचं टोक हवेत धरायचं. धाटावकडून वारा असला की दारं लावायची, आमचीसुद्धा. दिनेशची स्कूटर गल्लीत वळली की आत जाऊन भात टाकायचा. तोवर चुलीला हात नाही.

मी चेष्टा करायचे. "काकी, तुम्हाला कंपनीनं पहाऱ्यावर ठेवायला हवं." त्या हसायच्या, पण डोळे रस्त्यावर.

मिठागराची एक गोष्ट त्या नेहमी सांगत. वडिलांच्या कपड्यांत मीठ इतकं मुरलेलं की किती धुतलं तरी जाईना. त्यांच्या आईनं त्याच कपड्यांची गोधडी शिवली. उन्हाळाभर ती कोरडी ठणठणीत, आणि पावसाळा लागला की तिला घाम फुटायचा. हात लावावा तर ओली. "बाबा मेलं तरी ती गोधडी पावसात घामायची," काकी सांगायच्या. "तवापासून मना समाजलं. कापड इसरत नाय."

एवढं समजलेल्या बाईकडून जे झालं, ते म्हणूनच माझ्या मनातून जात नाही.

वनिताला दिवस गेले तेव्हा काकींनी गोधडीसाठी कापड जमवायला घेतलं. बाळाची गोधडी म्हणजे आत, पोटात, चांगलं जाड आणि मऊ काहीतरी हवं. दिनेशनं कंपनीतून फिल्टरचं कापड आणून दिलं. कंपनीत पातळ माल ज्यातून गाळतात ते. जाड सुती, घट्ट विणीचं, वापरून वापरून मऊ झालेलं. जुनं झालं की ते बाहेर टाकत आणि कामगार घरी नेत. कुणाकडे त्याची पायपुसणी होती, कुणाकडे मोरीचा पडदा. आमच्या चाळीत ते कुणाला नवीन नव्हतं.

काकींनी ते नाकाशी नेलं आणि तोंड फिरवलं. नापास. पण टाकवेना, इतकं छान कापड. मग सोड्यात उकळलं, नदीवर नेऊन आपटलं, उन्हात टाकलं, पुन्हा उकळलं. असं कितीतरी दिवस चाललं. अखेर एका सकाळी माझ्या दाराशी आल्या आणि ते कापड माझ्याच नाकाशी धरलं.

"बघ. हाय काय वास?"

नव्हता. उन्हाचा काय तो वास होता.

"वास नाय, मंजे गेलं सगलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा काही मोकळा झाला की मलाही बरं वाटलं. वर त्यांच्या स्वतःच्या हिरव्या लुगड्याचा काठ, खाली वनिताचा लहानपणचा फ्रॉक, आणि पोटात ते कापड. इतकी देखणी गोधडी मी त्यांच्या हातून दुसरी पाहिली नाही. मुलगी झाली. बारशाला काकी ती पेणला देऊन आल्या.

त्यानंतर पावसाळा सुरू झाला, आणि काकींची बोटं पिवळी दिसू लागली.

आधी मला वाटलं हळद. त्यांनाही तसंच वाटलं असावं. पण हळद साबणानं फिकी होते, ही होईना. सुईची बोटं तेवढी पिवळी, उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन. त्यांनी चिंच लावली, राख लावली. मग एका रविवारी दिनेश पहिल्या पाळीहून घरी आला आणि जेवताजेवता सहज म्हणाला की त्यांच्या विभागातल्या एकाचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोलून निघालेत, आणि ते फिल्टरचं कापड आता कुणी घरी न्यायचं नाही असं साहेबांनी सांगितलंय. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. मग भांडं पडल्याचा आवाज आला.

काकी माझ्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या पायात चपला नव्हत्या. "पेणला येतेस?" एवढंच म्हणाल्या. दिनेश मागून सांगत होता, आई, मी जातो, तू बस. त्या ऐकायच्या पलीकडे गेल्या होत्या. त्याच्याकडे बघतही नव्हत्या. माझ्याच चपला त्यांच्या पायात सरकवल्या, मी शाळेतल्या घातल्या आणि आम्ही स्टेशनवर पळालो. पेणला वनिताच्या घरी फोन नव्हता. शेजाऱ्यांकडेही नव्हता.

दुपारची गाडी होती, बरीचशी रिकामी. काकी खिडकीशी बसल्या आणि हात पदराखाली लपवले. बाहेर भातशेतं पाण्यानं भरली होती. मी काहीबाही बोलत होते, की इतकं उकळलंय, इतकं धुतलंय, काही होणार नाही. माझंच मला पटत नव्हतं. मला खरोखर भीती वाटत होती. बाळ ओलं करतं. ओलं झालं की कापडाला पाणी सुटतं. हे काकींना माझ्याआधी सुचलं होतं.

कासूला गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. समोरून येणारी गाडी जायची होती. लाइन एकच. फलाटावर एक कुत्रं आडवं पसरलं होतं, एक माणूस पाटी टेकून विडी ओढत होता, सगळ्या जगाला सवड होती.

"आता दूध पाजून निजवली असंल गो तिला," काकी म्हणाल्या.

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "आता निजवली असंल." मग त्या उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी मागून जाऊन त्यांचा दंड धरला. पायी निघाल्या असत्या. मी धरून ठेवलं.

वनिताचं सासर गणपतीच्या कारखान्यातलं. घरात शिरलं की ओटीपासून माजघरापर्यंत गणपतीच गणपती, पांढरे, अजून रंग न लागलेले, फळ्यांवर ओळीनं. पावसाळ्यामुळे सगळे आत आणलेले. त्या पांढऱ्या गर्दीत मधे झोळी, आणि झोळीत त्या हिरव्या काठाच्या गोधडीवर बाळ झोपलेलं. काकींनी कुणाशी एक शब्द न बोलता बाळाला उचललं, वनिताच्या हातात दिलं आणि अंगडं वर केलं. पाठीवर लाल चट्टा होता. तळहाताएवढा.

"घामोळं आलंय, आई," वनिता म्हणाली. "तीन दिस झालं. काय झालं तुला?"

काकींनी झोळीतून गोधडी ओढून काढली आणि काखेत मारली. तेव्हा विहीणबाई मधे आल्या. त्यांच्याकडे, म्हणजे आमच्या या सगळ्या भागातच, एक समजूत होती. माहेरची बाळाची गोधडी एकदा घरात आली की उंबऱ्याबाहेर माहेरी परत जात नाही. जाते ती एकाच वेळी, आणि ती वेळ कुणी तोंडानं उच्चारत नाही.

"गोधडी परत न्यायला आलाव?" विहीणबाई ओरडल्या. "माज्या नातीचं काय चिंतताव वो विहीणबाय?"

काकी उंबऱ्याशी थबकल्या. ही समजूत त्यांना माहीत नव्हती असं नाही, इतरांहून जास्तच माहीत होती. भुताला, भोंग्याला, वाऱ्याला भिणारी बाई ती. एक पाय उचललेला, काखेत गोधडी, समोर विहीण, मागे बाळ रडायला लागलेलं. मला वाटलं आता या काहीतरी बहाणा करतील. वनिताच्या घरात आयुष्यभर मान खाली घालावी लागेल असं कोण बोलेल? पण काकी वळल्या आणि खाली बसल्या.

"माज्या हातानं मी हिच्यात इख शिवलाय," त्या म्हणाल्या. "नेत नाय बाय. हितंच उसवते, उंबऱ्याच्या आत. फकस्त कातर द्या."

वनिता नुसती बघत राहिली. मग विहीणबाईच आत गेल्या आणि कातर घेऊन आल्या. काकींनी मधली गाठ कापली आणि मधून कडेकडे उसवत निघाल्या. विहीणबाई समोर बसून दुसरं टोक ताणून धरत होत्या. शिवायला महिना लागलेली गोधडी घटकाभरात सुटी झाली. पोटातलं कापड बाहेर आलं. कडेला ते पांढरंच होतं. मधे, जिथे बाळ ओलं करायचं तिथे, पिवळं पसरलेलं होतं.

काकींनी ते नाकाशी नेलं. सवयीनं. "वास नाय गो," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या आणि मग रडल्या.

बाळाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मलम दिलं. घामोळं असेल, नाहीतर त्या कापडाचंही असेल, सांगता येत नाही, म्हणाले. चट्टा काही दिवसांत गेला. मुलगी छान वाढली, पुढे भलती द्वाड निघाली. पण त्या "सांगता येत नाही"नं काकींना जे धरलं ते सोडलं नाही. प्रत्येक सर्दीला, प्रत्येक तापाला त्या मला विचारायच्या, "त्याचं तर नसंल?" मी नाही म्हणायचे. मला तरी काय ठाऊक होतं?

ते कापड आम्ही पिशवीत घालून रोह्याला आणलं होतं. आता त्याचं करायचं काय? "नदीत टाकू, तं मासं खातील. जालू, तं धूर कुणाच्या पोराच्या नाकात जाईल. पुरू कुटं, समदीकडं भात लावलाय," काकी म्हणाल्या. दिनेश म्हणाला, कंपनीत परत नेतो. त्यांनी नेऊ दिलं नाही, त्याला तर हातच लावू दिला नाही. शेवटी माहेराहून खडेमिठाचं गाठोडं मागवलं, लोणच्याची मोठी बरणी रिकामी केली आणि शिवताना उरलेल्या तुकड्यांसकट ते कापड मिठात पुरलं. तोंडाला फडकं बांधलं. "मीठ समदं धरून ठेवतं," म्हणाल्या. बरणी कोपऱ्यातल्या वरच्या फळीवर गेली.

त्यांनी त्यानंतर सुई धरली नाही. दुपारी नुसत्या ओट्यावर बसून असत, हात पदराखाली. बोटांचा रंग हळूहळू गेला, तरी हात पदराखालीच. कुणी जुनं लुगडं आणून दिलं तर हुंगतसुद्धा नव्हत्या. मला त्यांची ती सवय इतकी आवडायची, आणि ती गेल्यावर मला कळलं की आवडायची.

एका हिवाळ्यात काकी झोपेतच गेल्या. अंगावर बाजारची चादर होती. दिनेशनं पुढे कंपनी सोडली, गावची शेती बघायला गेला आणि खोलीची किल्ली माझ्याकडे ठेवली. सामान नेलं, पण बरणी नेली नाही. "बाई, ती राहू द्या," एवढंच म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, श्रावण लागायच्या आधी, भिंतीला ओल आली म्हणून मी त्यांची खोली उघडली. बंद खोलीचा कुबट वास होता, दुसरा कसलाच नव्हता. बरणी फळीवर होती तशीच. मिठाला घाम फुटला होता. तोंडाच्या फडक्यातून ओघळ सुटून बरणीवरून फळीवर, फळीवरून भिंतीनं खाली आला होता आणि जमिनीवर, जिथे काकी गोधडी पसरायच्या तिथे, पिवळ्या पाण्याचं छोटं थारोळं झालं होतं.

मी घरी जाऊन पोतेरं आणलं. जुन्या साडीचं, चांगलं मऊ. वाकले, आणि हात तसाच राहिला. कापड पितं.

पोतेरं हातात धरून मी त्या खोलीत किती वेळ उभी होते कोण जाणे. बाहेर धाटावचा भोंगा झाला. तो शिफ्टचा होता की नव्हता, हे मला सांगायला तिथे कुणी नव्हतं.