बटण दाबलं की वाहणारा झरा

भडंग बांधायला कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या पुस्तिकेचा कागद कधीही वापरू नये, हे मी अत्यंत गांभीर्याने नोंदवतो. देशापुढे इतर प्रश्न असतील, पण हा आधी सोडवावा. वर्तमानपत्राचा कागद निदान भडंगाच्या दुःखात सहभागी होतो, थोडं तेल स्वतःच्या अंगावर घेतो. हा चकचकीत कागद मात्र सगळं तेल पुढच्याच्या अंगावर ढकलतो आणि स्वतः कोरडा राहतो. बांबवड्याच्या अलीकडे, घरातल्या जादा प्रतीच्या पानात बांधलेला पुडा सोडला आणि ओघळ थेट माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर आला. कागदावर झऱ्याचा फोटो होता. एवढं तेल लागूनही झरा निर्मळच दिसत होता.

"पंडित, कंपनीनं अभिषेक घातला की तुला," विलास म्हणाला.

विलास माझा शाळेपासूनचा मित्र. कोल्हापुरात त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी संस्कृत शिकलो, म्हणून त्याच्या लेखी पंडित आणि जगाच्या लेखी अर्धवेळ वार्ताहर. उरलेल्या वेळात मी कंपन्यांच्या पुस्तिकांचं मराठी करून देतो. कंपनीनं समाजासाठी काय केलं, झाडं किती लावली, पाणी कुठं आणलं, हे आधी इंग्रजीत येतं. मी ते पंख्याखाली बसून मराठीत आणतो. फोटोखालची ओळ माझीच होती: "सड्याच्या कुशीतला हा बारमाही झरा कंपनीच्या प्रयत्नांतून पुन्हा अखंड वाहू लागला आहे." मूळ इंग्रजीत झरा नुसता पुनरुज्जीवित झाला होता. 'बारमाही' आणि 'अखंड' ही माझी भर. वाक्याला तोल हवा होता.

विलासनं ती ओळ आदल्या दिवशी माझ्या घरी वाचली होती आणि म्हणाला होता, "एप्रिलात अखंड वाहतोय? चल, बघून येऊ." असे आम्ही निघालो होतो.

ज्यांना असंच जायचं असेल त्यांच्यासाठी: रविवारी सकाळी लवकर निघा. मिसळ कोल्हापुरातच खाऊन घ्या, दोघांचं दोनशेच्या आत भागतं. रत्नागिरी रस्त्याचं काम चालू आहे, तेव्हा तोंडाला रुमाल हवाच. बांबवड्याच्या पुढे आम्ही डोंगराकडे वळलो. वळण आणि वाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे कळेल. शेवटचा टप्पा कच्चा आहे. वरून खाणीचे डंपर येतात, त्यांना वाट द्यावी. ते आपल्याला देत नाहीत. भातखाचरं कोरडी पडलेली, आणि वर सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळ पठार. त्याची एक कड कुणी भाकरी मोडावी तशी मोडलेली दिसली.

झरा सापडायला वेळ लागला नाही. कंपनीच्या नावाची पाटी झऱ्याहून मोठी होती. खाली सिमेंटचं गोमुख, त्याला निळा रंग, आणि गोमुखातून काहीही येत नव्हतं. कुंडाच्या तळाशी एक बेडूक बसला होता. तोही कंटाळलेला दिसला.

मी पुस्तिका उघडून फोटो ताडून पाहत होतो, तेवढ्यात शेजारच्या घरातून साठीच्या एक बाई लगबगीनं आल्या. "सांगून यायचं न्हाय व्हय, पावणं? थांबा, लावती चालू."

"काय लावता?"

"झरा."

त्या भिंतीमागं गेल्या. खटकन आवाज झाला, काहीतरी घरघरलं, गोमुखानं दोनदा गुळणी केली आणि पाणी पडायला लागलं. बाई परत आल्या, डोक्यावर पदर घेतला, कळशी धारेखाली धरली आणि मान थोडी डावीकडे कलती केली. पुस्तिकेतली बाई ती हीच. मानसुद्धा तशीच.

"काढा फोटो लौकर," त्या म्हणाल्या. "टाकीत तळालाच पानी हाय."

विलास डोळे मिटून ऐकत होता. "अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर," तो म्हणाला. "बेअरिंग गेलंय."

धूर दिसला की अग्नी आहे असं समजावं, हे आम्हाला न्यायशास्त्रात शिकवलं होतं. या बाईंचंही तर्कशास्त्र पक्कं होतं: हातात पुस्तिका दिसली की पाहुणे आहेत असं समजावं आणि बटण दाबावं. "आम्ही कंपनीची माणसं नाही, आक्का," मी म्हणालो. "बंद करा." त्यांनी माझ्याकडं, मग सदऱ्यावरच्या डागाकडं पाहिलं. कंपनीच्या माणसाच्या सदऱ्याला डाग नसतो हे त्यांना पटलं असावं. त्यांनी मोटर बंद केली.

हौसाक्का त्यांचं नाव. त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं. सुनेनं पाणी आणून दिलं, एका हातानं. दुसरा प्लास्टरमध्ये होता. मी तांब्या रिकामा केला आणि मग विचारलं की हात कसा मोडला.

"ओढ्यावरनं हंडा आनताना घसरली," हौसाक्का म्हणाल्या. "उतार लई वंगाळ. जाऊन यायला तास लागतोय."

म्हणजे मी आत्ता जे प्यायलो ते त्या तासातलं होतं. विलासनं रिकामा तांब्या माझ्या हातातून घेऊन हलकेच खाली ठेवला. त्यानं घोटभरच घेतलं होतं. मोटरवाल्यांना पाण्याची किंमत आधी कळते.

हकीकत एवढीच. झरा जुना, हौसाक्कांच्या सासूच्याही आधीचा, आणि खरोखर बारमाही. वर सडा खोदायला सुरुवात झाली तशी धार बारीक होत गेली आणि एका उन्हाळ्यात थांबली. मग कंपनीनं गोमुख बांधलं, मागं टाकी बसवली, मोटर लावली. कुंडात पडलेलं पाणी फिरून टाकीतच जातं. पाहुणे यायचे असले की कंपनीचा टँकर येऊन टाकी भरतो. पाहुणे गेले की उरलेलं पाणी वाडी वाटून घेते.

"म्हणून आमी म्हणतो, देवा, पावणं येऊ देत," हौसाक्का म्हणाल्या आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

मग त्यांनी आतून एक कागद आणला. वाडीनं सरकारी टँकर मागितला होता, त्याचं उत्तर. "आपल्या वाडीत बारमाही व अखंड वाहणारा झरा उपलब्ध असल्याचे सोबतच्या पुस्तिकेवरून दिसून येते. सबब मागणी मान्य करता येत नाही." सोबत पान जोडलेलं होतं. तेच पान. माझ्या खिशावर त्याचं तेल होतं.

"ज्यानं ह्ये बारमाही लिवलंय," हौसाक्का म्हणाल्या, "त्यानं एकदा हंडा घिऊन खाली जाऊन यावं."

विलास माझ्याकडं बघत राहिला. त्यानं मदत केली नाही.

"मीच लिहिलंय, आक्का."

त्यांनी कागदाची घडी घातली. "बगून लिवलं न्हाईसा?"

"नाही."

"मग आता बगितलासा की. लिवा आता."

शब्द हेही प्रमाण आहे, असं शास्त्र सांगतं, पण बोलणारा आप्त हवा. आप्त म्हणजे ज्यानं पाहिलंय आणि जो पाहिलं तसंच सांगतो. परीक्षेत मला याच प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळाले होते. त्या ओट्यावर मी एकही विशेषण न वापरता अर्ज लिहिला. हौसाक्कांनी सही केली.

रात्र विलासच्या मावसभावाकडे काढून सोमवारी तालुक्याच्या ऑफिसात गेलो. क्लार्कनं अर्ज उलटसुलट पाहिला. "हे हातानं लिहिलंय, साहेब. ते छापील आहे."

"दोन्ही मीच लिहिलंय."

"मग धरायचं कुठलं?"

"पाहून लिहिलेलं."

त्यानं मान डोलावली आणि गुरुवारी पाहणी लावली. कंपनीलाही कळवावं लागेल म्हणाला, जागा त्यांच्या प्रकल्पाची. "मग गुरुवारी झरा लई जोरात," विलास म्हणाला.

गुरुवारी आम्ही पुन्हा गेलो. टाकी आदल्या दिवशीच काठोकाठ भरली होती. ऑफिसचे साहेब आले, कंपनीचा इस्त्री केलेला अधिकारी आला. गोमुख कोरडं होतं आणि हौसाक्का बटणाकडं न जाता रिकामी कळशी घेऊन उभ्या होत्या. आज बटण दाबलं नाही तर कंपनीचा टँकर परत येणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. सून दारात उभी होती. शेवटी कंपनीचा माणूस स्वतःच भिंतीमागं गेला. पाणी आलं. "बघा साहेब, चालू आहे," तो म्हणाला. 'शाश्वत' हा शब्दही त्यानं वापरला. तो मीच त्यांना दिलाय, त्यांच्याकडे आधी नव्हता.

"अखंड हाय न्हवं?" हौसाक्का साहेबांना म्हणाल्या. "मग बटण बंद करा आनि लिवा."

बटण बंद झालं. पाणी थांबलं. साहेबांनी बराच वेळ गोमुखाकडं पाहिलं आणि मग लिहिलं: झरा विजेच्या मोटरवर चालतो.

त्याला आता तीन आठवडे झाले. कंपनीचा टँकर दुसऱ्या दिवसापासून बंद आहे. सरकारी टँकरचा कागद वर गेलाय, अजून खाली आलेला नाही. हौसाक्का फोनवर म्हणतात, "बगू की, एवढ्यात काय मरत न्हाय आमी." सुनेचं प्लास्टर निघालंय. ती पुन्हा ओढ्यावर जाते.

यंदाच्या पुस्तिकेसाठी कंपनीचा फोन आला. मी नाही म्हणालो. त्याला धैर्य लागलं नाही, आणि त्यांना दुसरा पंडित मिळेलच.

घरी कपाटाचा एक अख्खा कप्पा अशा पुस्तिकांनी भरलाय, अकरा वर्षांच्या. परवा सगळ्या काढून बसलो. शाळेच्या इमारती, शेततळी, आरोग्य शिबिरं, बंधारे. प्रत्येक फोटोखाली माझं एक चांगलं वाक्य आहे. त्यातल्या एकाही गावाला मी गेलेलो नाही. त्यातलं कुठलं वाक्य कुठल्या अर्जाला टाचलेलं आहे, मला माहीत नाही. मला त्याची भीती वाटते.