फोन ठेवते

आमची आक्का पडदे शिवते. मशीनवर बसली की घर पेटलं तरी उठायची नाही, पण हल्ली फोन वाजला की तिच्या काळजाचं पाणी होतं. भावोजींच्या आजारपणात तिनं आपलं क्रेडिट कार्ड वापरलं. भावोजी गेले, कर्ज राहिलं. इतकी वर्षं बँक गप्प होती. आता वसुलीवाला रोज धमकावतो, कोर्टात दावा लावू, खात्यातले पैसे अडकवू.

शेजारच्या वकीलबाईंनी समजावलं, की जुन्या कर्जावर दावा लावायला मुदत असते आणि आक्काची या महिनाअखेर संपते. तोवर एक पैसा द्यायचा नाही, कशावर सही करायची नाही. तसं केलं, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी आक्काला दम दिला, तोंडाला कुलूप लाव म्हणून. पण मेला भिडस्त स्वभाव! शिव्या द्यायला आलेल्यालाही ही आधी 'बसा' म्हणेल.

एक दिवस वसुलीवाला फोनवर म्हणाला, थोडे पैसे तरी बाजूला ठेवा. आक्का घाबरून म्हणाली, "बरं, ठेवते," आणि फोन ठेवला. ठेवते म्हणजे फोन, दुसरं काय? पण नंतर ती जेवली नाही, हातात कात्री घेऊन नुसती बसून राहिली. मी पैसे द्यायचं कबूल केलं का गं, एवढंच विचारायची. खरं सांगते, मीही घाबरले. वकीलबाई नेमक्या बाहेरगावी.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो दारात हजर. आवाज गोड, हातात पावती. तुम्हीच ठेवते म्हणालात, रेकॉर्ड आहे आमच्याकडे. अगदी थोडं द्या, इथे सही करा, कटकट मिटेल. मी त्याला झापणार, तोच आक्कानं त्याचं पेन हातात घेतलं. पेनाचं टोक कागदाला टेकलं होतं.

"मी फोन ठेवते म्हणाले होते," ती म्हणाली. "आता हे पेन ठेवते."

पेन पावतीवर ठेवलं आणि दार लावून घेतलं. मग तिथेच खाली बसली.

वकीलबाई परतल्या. म्हणाल्या, तसल्या तोंडी शब्दानं काही होत नाही. मुदत संपली, आता दावा लावलाच तर उडवून लावू. आक्कानं मान हलवली.

पण अजूनही ती फोन घेते, ऐकते आणि एक शब्दही न बोलता मध्येच बंद करते. माझासुद्धा.