चार शब्दांपुरता दम

कॉलरवालीला ‘हळू’ हा शब्दच सोसत नसे. शर्टांच्या कारखान्यात ती कॉलरी जोडायची आणि तिची मशीन आवाजावरून ओळखू यायची: एक तर भर्र, नाहीतर बंद. धावणंही तसंच. रोज सकाळी तळ्याकाठी पहिल्या पावलापासून जीव खाऊन पळायची आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकत घरी यायची. गेल्या वर्षी शहराच्या शर्यतीत तिने पुलाच्या चढावर बसकण मारली, तीही टाळ्या वाजवायला आलेल्या कारखान्यातल्या बायकांसमोर. यंदा न थांबता शर्यत पुरी करायची, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती नणंदेकडे गेली, यावरूनच गरज कळावी.

नणंद शाळेत खेळ शिकवायची. तिने स्पष्ट सांगितलं, की रोज मरेस्तोवर पळायला अक्कल लागत नाही. एरवी सावकाश पळायचं आणि आठवड्यातून एकदा टेम्पो रन: अंग गरम झालं, की दम लागेल पण तुटणार नाही अशा एकाच वेगाने बराच वेळ पळत राहायचं. त्याची सवय झाली, की तो वेग लांबवर टिकतो.

“आणि तो वेग ओळखायचा कसा?”

“मी विचारीन, तू उत्तर दे. चार शब्द निघाले तर बरोबर. पुराण लागलं तर ढिली पडलीस. नुसती मान हलली तर जास्त झालं.”

पहिल्याच दिवशी नणंदेने विचारलं, आई काय म्हणते? चुकलंच तिचं. सासूबाई हा विषय चार शब्दांत मावणारा नव्हता. वहिनी बोलत गेली आणि पाय रेंगाळले. नणंदेने टोकलं तशी ती रागाने अशी सुटली, की पुढच्या वळणावर दगडावर बसलेलीच सापडली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कॉलरची गोलाई आली आणि तिचं स्वतःच्या पायाकडे लक्ष गेलं. पायडल अर्धंच दाबलेलं, टाका एकसारखा. गोलाईवर ती कधीच भर्र जात नव्हती. इतकी वर्षं पायाला जे ठाऊक होतं, त्याचा डोक्याला पत्ता नव्हता.

मग दर आठवड्याला तो अर्धा दाबलेला पाय तिने रस्त्यावर नेला. कंटाळवाणं काम, पण हळूहळू तळ्याची फेरी छोटी वाटू लागली.

शर्यतीच्या दिवशी पुलाच्या चढावर, बरोबर त्याच जागी, नणंद उभी होती. पोटऱ्या भरून आलेल्या, शेजारून माणसं पुढे जात होती आणि पायडल पुरतं दाबायची जुनी हुक्की आली. तिने पाय अर्ध्यावरच राखला.

“वहिनी, कशी आहेस?”

“बरी. बाजूला हो जरा.”

नणंदेने बोटांवर मोजलं आणि हसत बाजूला झाली.

शर्यत पुरी करून वहिनी उभ्यानेच पाणी प्यायली. दम परत आला, तशी सासूबाईंची अर्धी राहिलेली हकीकत तिने घर येईपर्यंत नणंदेला सांगितली, एकदाही न थांबता.