दुसरी शिट्टी

नांदगावच्या बाजूला मी शिकवते ती शाळा. समोर गायरानातली टेकडी, आणि टेकडीवर खडीची खाण. रोज जेवणाच्या सुट्टीआधी तिथे सुरुंग उडायचा. पहिली शिट्टी झाली की आम्ही सगळे कानांत बोटं घालायचो, मीसुद्धा. दुसरी शिट्टी म्हणजे धोका टळला, आता ताटं घ्या. शाळेला घंटेची गरजच नव्हती.

चौथीतली एक मुलगी मात्र कान उघडे ठेवून बसायची. सुरुंग लावणारे तिचे वडील. शिट्टीही तेच वाजवायचे. मी रागावले तर म्हणाली, "बाई, दुसरी शिट्टी आयकू आली नाय तर?" त्यानंतर मी तिला कधी टोकलं नाही.

जमीन सरकारी, म्हणून खडीवर सरकार रॉयल्टी घेतं आणि त्यातला काही वाटा खाणीजवळच्या गावांसाठी येतो. आमच्या वाट्याचं काय करायचं, यावर ग्रामसभा बसली. पुढाऱ्यांना वेशीवर कमान हवी होती. इकडे सुरुंगाच्या हादऱ्यांनी शाळेच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडलेली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मग पोरं कमानीखाली बसवते. येता-जाता तुम्हीच पाढे घ्या." बायका हसल्या आणि पुढाऱ्यांचा नाइलाज झाला. कमानीऐवजी दोन खोल्या ठरल्या.

खोल्या उभ्या राहिल्या आणि त्याच सुमारास खाणीची मुदत संपली. मुलीचे आईवडील मालेगावकडच्या खाणीवर निघाले. तिकडे शाळा लांब. पोर गेली की तिची शाळा सुटणार, हे मला दिसत होतं, आणि माझा कशातच जीव लागत नव्हता. निघायच्या सकाळी आई तिला घेऊन आली. नव्या भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "ह्यातली खडी आमीच फोडलीय, बाई. पोरगी हितंच राहू द्या." शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी तिला आपल्या घरी ठेवून घेतलं.

नव्या खोलीत पहिल्याच दिवशी जेवणाच्या वेळी मी घंटा दिली. सगळी पोरं ताटं घेऊन पळाली, ती जागची हलेना. डोळे टेकडीकडे. मला फार भरून आलं. संध्याकाळी मी तिच्या वडिलांना फोन केला.

आता रोज सुट्टीच्या वेळी माझा मोबाइल वाजतो. मी तो तिच्या कानाशी धरते. पलीकडून वडील बोलत काहीच नाहीत, नुसती शिट्टी वाजवतात. मग ती ताट घ्यायला जाते.